जुन्या संगणकावर बूट होणारा, नव्या लॅपटॉपवर न दिसणारा पेनड्राइव्ह: डेबियनचा स्वतःचा इन्स्टॉलर बनवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांसाठी डेबियन १२ या लिनक्स वितरणाच्या नेटइन्स्ट आयएसओमध्ये (बाकीची पॅकेजे इंटरनेटवरून आणणाऱ्या छोट्या डिस्क-प्रतिमेत) प्रीसीड फाइल, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरे, घालून स्वतःचा इन्स्टॉलर तयार केला. आयएसओ माउंट करून त्यातील फाइली एका फोल्डरात उतरवल्या, हवे ते बदल केले आणि जेनआयएसओइमेज या साधनाने पुन्हा आयएसओ बांधून तो पेनड्राइव्हवर उतरवला. जुन्या डेस्कटॉपवर हा पेनड्राइव्ह बिनतक्रार चालतो. नव्या लॅपटॉपच्या बूट यादीत मात्र त्याचे नावच येत नाही. सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेले बूट प्रोग्राम नाकारणारी सोय) बंद केले तर काम होईल का, आणि इन्स्टॉलर मराठीतून चालवता येईल का, असेही दोन उपप्रश्न आहेत.

पहिल्या उपप्रश्नाचे उत्तर आधीच देतो: सिक्युअर बूट बंद करू नका, कारण दोष तिथे नाही. सिक्युअर बूटमुळे अडलेला पेनड्राइव्ह यादीत दिसतो, निवडताही येतो, आणि निवडल्यानंतर नाकारला जातो. तुमचा पेनड्राइव्ह यादीतच नाही, याचा अर्थ फर्मवेअरला (संगणक सुरू होताच चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामला) त्यावर बूट करण्याजोगे काहीच सापडलेले नाही. आयएसओ नव्याने बांधताना यूईएफआय या नव्या प्रकारच्या फर्मवेअरसाठी असलेली वाट तुमच्या हातून गळून पडली आहे.

ती कशी गळाली हे समजण्यासाठी डेबियनच्या मूळ आयएसओची रचना पाहावी लागेल. एका आयएसओमध्ये चार वेगवेगळ्या परिस्थितींची सोय केलेली असते: सीडीवरून बायोस (जुन्या प्रकारचे फर्मवेअर), सीडीवरून यूईएफआय, पेनड्राइव्हवरून बायोस आणि पेनड्राइव्हवरून यूईएफआय. सीडीसाठीची सोय ‘एल टोरिटो’ या १९९५ च्या मानकाप्रमाणे होते. आयएसओच्या १७ व्या सेक्टरमध्ये एका बूट सूचीचा पत्ता असतो आणि त्या सूचीत प्रत्येक प्रकारच्या फर्मवेअरसाठी स्वतंत्र नोंद असते. डेबियनमध्ये पहिली नोंद बायोससाठी आयसोलिनक्सकडे, म्हणजे मेनू दाखवून लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरकडे, जाते. दुसरी नोंद यूईएफआयसाठी असून ती बूट फोल्डरातील ग्रब (हाही एक बूटलोडर) फोल्डरात असलेल्या ‘ईएफआय डॉट आयएमजी’ या फाइलकडे जाते. ही फाइल म्हणजे आतून एक छोटे फॅट फाइलसिस्टिम आहे. तिचा आकार लहान ठेवण्यामागे कारण आहे: एल टोरिटोच्या नोंदीत प्रतिमेचा आकार ५१२ बाइटांच्या सेक्टरांमध्ये लिहायला फक्त १६ बिटांची जागा आहे, त्यामुळे ३२ एमबीच्या आसपास तिची मर्यादा संपते.

पेनड्राइव्हचे गणित निराळे आहे. आयएसओ ९६६० या सीडीच्या स्वरूपात पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मोकळे सोडलेले असतात. डेबियनचे लोक त्याच मोकळ्या जागेत एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूट कोड आणि पार्टिशनचा तक्ता) बसवतात, म्हणून तोच आयएसओ पेनड्राइव्हवर जसाच्या तसा उतरवला की तो हार्डडिस्कसारखा वागतो. या एमबीआरमध्ये बायोससाठी बूट कोड असतो आणि पार्टिशनच्या तक्त्यात एक नोंद ‘ईएफ’ प्रकाराची असते. ही नोंद आयएसओच्या पोटात असलेल्या त्याच ईएफआय डॉट आयएमजी फाइलच्या जागेवर बोट ठेवते. यूईएफआयच्या मानकाप्रमाणे फर्मवेअरला फॅट फाइलसिस्टिम वाचता आलेच पाहिजे. आयएसओ ९६६० पेनड्राइव्हवरून वाचता येईल याची मात्र कोणतीही खात्री नसते. म्हणून पेनड्राइव्ह लावल्यावर फर्मवेअर तक्त्यात फॅट पार्टिशन शोधते, त्यात ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४ डॉट ईएफआय’ ही फाइल आहे का ते पाहते. ती सापडली तर पेनड्राइव्ह यादीत येतो, नाही तर येत नाही.

जेनआयएसओइमेजच्या जुन्या कृतीत फक्त आयसोलिनक्सची नोंद होते. नंतर आयसोहायब्रिड (आयएसओ पेनड्राइव्हवरून बूट होण्याजोगा करणारे साधन) चालवले तर एमबीआर बसतो खरा, पण त्यात ‘१७’ प्रकाराचे एकच पार्टिशन असते आणि त्याच्या आत आयएसओ ९६६० असते. बायोसला एवढे पुरते. यूईएफआयला त्यात काही दिसत नाही. ईएफआय डॉट आयएमजी ही फाइल तुमच्या आयएसओमध्ये अजूनही शाबूत असणार, परंतु तिच्याकडे नेणारी पाटी कुणी लावलेलीच नाही. ही कृती इंटरनेटवर अजूनही सगळीकडे सापडते, कारण ती लिहिली गेली तेव्हा बहुतेक संगणकांवर बायोसची नक्कल करणारा सीएसएम असायचा. २०२० पर्यंत तो आपल्या मंचांवरून हटवण्याचा इरादा इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता, आणि आज नव्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये त्याचा पर्याय बहुधा नसतोच.

आता उपाय. यूईएफआयची पाटी हाताने पुन्हा लावता येते, त्यासाठी झोरिसो या आयएसओ वाचणाऱ्या-बांधणाऱ्या साधनाला डझनभर पर्याय द्यावे लागतात, आणि ते पर्याय एका आवृत्तीसाठी बरोबर तर दुसरीसाठी चूक ठरतात. उबंटूचेच पाहा: २०.१० पासून त्यांनी आयसोलिनक्स काढून बायोससाठीही ग्रब घेतला आणि यूईएफआयचे फॅट पार्टिशन आयएसओच्या फाइलींमध्ये न ठेवता शेवटी स्वतंत्र जोडले. तिथे फाइली उतरवून घेतल्या तर ते पार्टिशन तुमच्या फोल्डरात येतच नाही. म्हणून मी गेली काही वर्षे आयएसओ उकलून पुन्हा बांधणे पूर्ण बंद केले आहे. झोरिसोला मूळ आयएसओ वाचायला द्यावा, त्यात नेमक्या दोन-चार फाइली बदलाव्या आणि बूटची रचना जशी होती तशीच नव्या आयएसओत उतरवायला सांगावे. ‘इनडेव्ह’ या पर्यायाने मूळ आयएसओ द्यायचा, ‘आउटडेव्ह’ने नव्या आयएसओचे नाव द्यायचे, बदललेल्या प्रत्येक फाइलीसाठी ‘मॅप’ वापरून डिस्कवरील फाइल आणि आयएसओतील तिचा पत्ता सांगायचा, आणि शेवटी ‘बूट_इमेज’ या पर्यायाला ‘एनी’ आणि ‘रिप्ले’ हे दोन शब्द द्यायचे. रिप्ले म्हणजे मूळ आयएसओमधील एल टोरिटोच्या नोंदी आणि पहिल्या ३२ केबीतील मजकूर झोरिसो स्वतः तपासतो आणि नव्या पत्त्यांप्रमाणे पुन्हा लिहितो. दुसऱ्यांदा चालवताना ‘आउटडेव्ह कोरे नाही’ अशा अर्थाची तक्रार आली तर गोंधळू नका. आधीच्या खेपेची फाइल तिथे पडून असते, ती पुसून पुन्हा चालवावे.

झाले की लगेच खात्री करावी. नवा आयएसओ इनडेव्हने उघडून ‘रिपोर्ट_एल_टोरिटो’ला ‘प्लेन’ सांगितले की दोन ओळी दिसल्या पाहिजेत, एकीत बायोस आणि दुसरीत यूईएफआय. त्यानंतर एफडिस्कने पार्टिशनचा तक्ता पाहिला की ‘ईएफ’ प्रकाराची नोंद दिसली पाहिजे. तुमच्या आत्ताच्या आयएसओवर हेच दोन आदेश चालवून पाहा. यूईएफआयची ओळ आणि ‘ईएफ’ नोंद दोन्ही गायब असल्याचे तुम्हालाच दिसेल.

उकलून बांधण्याच्या पद्धतीत आणखी एक खड्डा आहे, तोही सांगून ठेवतो, कारण मी स्वतः त्यात एक अख्खी दुपार घालवली आहे. डेबियनच्या आयएसओच्या मुळाशी ‘डॉट डिस्क’ नावाचे फोल्डर असते. नावाची सुरुवात बिंदूने होत असल्यामुळे तारांकन लावून सगळ्या फाइली कॉपी केल्या की हे फोल्डर मागेच राहते. मला ते निरुपयोगी वाटले होते. परंतु ईएफआय डॉट आयएमजीमधील ग्रब सुरू झाल्यावर आपला मेनू कोणत्या माध्यमावर आहे हे ओळखण्यासाठी नेमकी याच फोल्डरातील ‘इन्फो’ ही फाइल शोधतो. ती सापडली नाही की मेनू येत नाही, आणि काळ्या पडद्यावर ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट लुकलुकत बसतो. बायोसवर हाच पेनड्राइव्ह नीट मेनू दाखवतो, कारण आयसोलिनक्सला त्या फाइलशी काही देणेघेणे नाही. त्या दुपारी मी सगळा वेळ ग्रबच्या मेनूतील चूक शोधत होतो.

यातून पुढचा मुद्दा येतो: मेनू दोन आहेत. बायोसचा मेनू आयसोलिनक्स फोल्डरात आणि यूईएफआयचा बूट फोल्डरातील ‘ग्रब डॉट सीएफजी’मध्ये. तुम्ही ऑटो=ट्रू आणि प्रायॉरिटी=क्रिटिकल हे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) पर्याय फक्त आयसोलिनक्सच्या फाइलीत लिहिले असतील, तर यूईएफआयवर पेनड्राइव्ह बूट होईल पण मूळ इन्स्टॉलरच येईल आणि तो भाषेपासून सगळे प्रश्न विचारत बसेल. दोन्हीकडे बदल करावा, किंवा मी करतो तसे प्रीसीड फाइल इनिटआरडीमध्येच (कर्नलबरोबर मेमरीत चढणाऱ्या सुरुवातीच्या फाइलींच्या गठ्ठ्यात) घालावी. इनिटआरडीच्या मुळाशी ‘प्रीसीड डॉट सीएफजी’ नावाची फाइल असली की डेबियनचा इन्स्टॉलर तिची उत्तरे पहिला प्रश्न विचारण्याआधीच वाचतो. आयएसओवर नुसती ठेवलेली फाइल मात्र माध्यम सापडून माउंट झाल्यावरच वाचली जाते, आणि तोवर भाषा व कीबोर्ड यांचे प्रश्न येऊन गेलेले असतात. यासाठी मूळ इनिटआरडी उकलण्याचीही गरज नाही. लिनक्स कर्नल एकापाठोपाठ एक जोडलेले सीपीआयओ गठ्ठे वाचतो, म्हणून फक्त प्रीसीड फाइलीचा ‘न्यूसी’ स्वरूपातील गठ्ठा करून, तो जीझिपने आवळून, मूळ फाइलीच्या शेपटीला कॅट आदेशाने चिकटवला की झाले. मात्र इन्स्टॉल डॉट एएमडी या फोल्डरात इनिटआरडी दोन आहेत: एक मजकुरी इन्स्टॉलरसाठी आणि एक जीटीके उपफोल्डरात चित्रमय इन्स्टॉलरसाठी. एकातच प्रीसीड घातली तर दुसरा मेनू निवडणाऱ्याला कोरा इन्स्टॉलर मिळेल.

सिक्युअर बूट चालू ठेवूनही हे सगळे चालते. फर्मवेअर शिम या ग्रबआधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची सही तपासते, ती मायक्रोसॉफ्टची असते. शिम ग्रबची आणि कर्नलची सही तपासतो, ती डेबियनची असते. डेबियनमध्ये ही साखळी १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. इनिटआरडी आणि ग्रबचा मेनू या साखळीत येत नाहीत, त्यांच्यावर सही नसते, त्यामुळे तुम्ही त्यांत कितीही बदल केलेत तरी कुणी अडवत नाही. (सुरक्षेच्या दृष्टीने हे भोक आहे हे उघडच आहे, पण आपल्या कामासाठी ते सोयीचे पडते.) या सोयीची मर्यादाही तिथेच आहे. कर्नल स्वतः बांधून घातला तर ग्रब ‘बॅड शिम सिग्नेचर’ म्हणून थांबेल. ग्रब नव्याने बांधून घातला तर शिम त्याला नाकारेल. स्वतःची किल्ली नोंदवून यातून मार्ग काढता येतो, परंतु ती नोंदणी प्रत्येक संगणकासमोर बसून हाताने करावी लागते. चाळीस लॅपटॉपांसाठी मी तो मार्ग कधीच सुचवणार नाही. वितरणाचा सही केलेला कर्नल आहे तसाच ठेवावा आणि सगळे वेगळेपण प्रीसीडमध्ये आणि इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ठेवावे.

काही नव्या लॅपटॉपांवर सिक्युअर बूट चालू असूनही मायक्रोसॉफ्टचे इतरांसाठीचे सही-प्रमाणपत्र मुळातच बंद ठेवलेले असते. तिथे पेनड्राइव्ह यादीत दिसतो आणि निवडल्यावर नाकारला जातो. फर्मवेअरच्या सुरक्षा विभागात तृतीय पक्षाच्या प्रमाणपत्राला परवानगी देणारा स्वतंत्र पर्याय असतो, तेवढाच चालू करावा. दुसरी शक्यता जुन्या शिमची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्यतनाने अनेक संगणकांवर जुन्या शिम व ग्रबना नाकारणारी ‘एसबॅट’ यादी बसवली, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचे लिनक्स पेनड्राइव्ह ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असे म्हणून बंद पडले. म्हणून तयार आयएसओ जपून ठेवण्यात अर्थ नाही. प्रीसीड आणि झोरिसोचा आदेश असलेली दहा ओळींची स्क्रिप्ट जपावी, आणि डेबियनची नवी उपआवृत्ती आली की तिच्या आयएसओवर ती पुन्हा चालवावी.

आता ज्या चुकीची मला सर्वात जास्त धास्ती वाटते तिच्याकडे वळतो. तुमच्या प्रीसीडमध्ये डिस्क म्हणून बहुधा ‘एसडीए’ असे ठोकून लिहिलेले असणार; जुन्या डेस्कटॉपवर ते बरोबरही होते. नव्या लॅपटॉपची आतली डिस्क एनव्हीएमई असते, तिचे नाव ‘एनव्हीएमई०एन१’ असे असते, आणि एसडीए हे नाव तुमच्या पेनड्राइव्हलाच मिळते. मग इन्स्टॉलर ज्या फांदीवर बसला आहे तीच तोडायला निघतो. पार्टमॅन या इन्स्टॉलरच्या पार्टिशन करणाऱ्या भागाच्या ‘अर्ली कमांड’मध्ये एक छोटी स्क्रिप्ट घालून हे टाळता येते: ‘लिस्ट-डिव्हाइसेस डिस्क’ या आदेशाने सर्व डिस्क मिळवाव्या, सिस-ब्लॉकखालील ज्या दुव्याच्या पत्त्यात ‘यूएसबी’ हा शब्द आहे त्या गाळाव्या, उरलेली डिस्क एकच असेल तर डेबकॉन्फ-सेट या आदेशाने इन्स्टॉलरला तिचे नाव द्यावे, आणि एकाहून अधिक उरल्या तर काहीही न ठरवता इन्स्टॉलरला प्रश्न विचारू द्यावा. तिथे माणसाने उत्तर देणेच योग्य. ज्या संगणकांवर आधी बायोस पद्धतीने काही इन्स्टॉल केलेले आहे, तिथे ‘यूईएफआय इन्स्टॉलेशन सक्तीने करायचे का’ असा प्रश्न येऊन काम अडकते, म्हणून पार्टमॅन-ईएफआयच्या ‘नॉन_ईएफआय_सिस्टिम’ला आधीच होकार देऊन ठेवावा. पार्टिशनच्या आराखड्यात ईएफआय सिस्टिम पार्टिशन आहे ना, हेही पाहावे. बायोसच्या काळातल्या आराखड्यात ते नसते.

मेनूला वेळमर्यादा लावून इन्स्टॉल आपोआप सुरू करण्याचा मोह होतो. मी एकदा पाच सेकंदांची मर्यादा लावली, संध्याकाळी शेवटच्या संगणकात पेनड्राइव्ह तसाच विसरून घरी गेलो, आणि त्या संगणकाच्या बूट क्रमात यूएसबी पहिला होता. सकाळी तो पुन्हा इन्स्टॉल होत होता. रात्रभरात कितव्यांदा, ते मोजण्याचा उपाय नव्हता. त्यानंतर मी इन्स्टॉलची ओळ कधीच आपोआप सुरू होऊ देत नाही. एक एंटर माणसाने दाबायचा.

चाचणीसाठी लॅपटॉप खोळंबून ठेवायची गरज नाही. क्यूएमू हा आभासी संगणक आणि त्यासाठीचे ओव्हीएमएफ हे यूईएफआय फर्मवेअर पुरे. मात्र आयएसओ सीडी म्हणून जोडून झालेली चाचणी ग्राह्य धरू नका, कारण तेव्हा फर्मवेअर एल टोरिटोच्या वाटेने जाते आणि पार्टिशनच्या तक्त्याकडे पाहतही नाही. तोच आयएसओ यूएसबी डिस्क म्हणून जोडून पुन्हा चालवावा. डेबियनच्या ओव्हीएमएफ पॅकेजमध्ये नावात ‘एमएस’ ही अक्षरे असलेली फाइलींची एक जोडी मिळते, तिच्यात मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीच भरलेल्या असतात. तिसरी चाचणी तिच्यावर करावी, म्हणजे सिक्युअर बूटची साखळी शाबूत असल्याचेही कळते.

पेनड्राइव्हवर लिहिताना डीडी किंवा साध्या सीपी आदेशाने पूर्ण उपकरणावर लिहावे, म्हणजे एसडीबीवर, एसडीबी१ वर नव्हे. विंडोजवर रूफस हे पेनड्राइव्ह बनवणारे साधन वापरत असाल तर त्याने विचारल्यावर डीडी पद्धत निवडावी. नंतर विंडोजमध्ये तोच पेनड्राइव्ह काही एमबींचा दिसेल किंवा फॉरमॅट करायला सांगेल. तो बिघडलेला नाही, फॉरमॅटला नकार द्यावा. आयएसओच्या मुळाशी असलेल्या एमडी५सम यादीत (प्रत्येक फाइलीच्या तपासणी-आकड्यांच्या) बदललेल्या फाइलींच्या नव्या नोंदी करायला विसरू नका, नाही तर कुणी इन्स्टॉलरमधून माध्यमाची तपासणी केली की तुमच्याच फाइली खराब म्हणून निघतील.

विंडोजच्या माध्यमाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी प्रयोगशाळेत तेही लागतेच, म्हणून एकच गोष्ट सांगतो. तिथे अडचण पाटीची नसून आकाराची असते: फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य प्रतिमा असलेली ‘इन्स्टॉल डॉट विम’ अनेकदा त्याहून मोठी भरते. विंडोजच्या डिस्म या साधनाच्या ‘स्प्लिट-इमेज’ने तिचे ३८०० एमबीचे तुकडे करून सोर्सेस फोल्डरात ठेवले की सेटअप ते तुकडे आपणहून जोडून घेतो.

मराठीबद्दल. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे, परंतु देवनागरीची जोडाक्षरे मजकुरी पडद्यावर नीट उमटत नसल्याने ती भाषा फक्त चित्रमय इन्स्टॉलरच्या यादीत येते. त्यामुळे तुमच्या मेनूतील ओळ जीटीके फोल्डरातील इनिटआरडीकडे जाणारी हवी, आणि प्रीसीडही त्याच इनिटआरडीत हवी. लोकेल (भाषा व प्रदेशाची निवड) ‘एमआर_आयएन’ द्यावे. ते मुळात यूटीएफ-८ च आहे. कीबोर्ड मात्र इन्स्टॉल चालू असेपर्यंत इंग्रजीच ठेवावा, कारण वापरकर्त्याचे लॉगइन नाव आणि संगणकाचे नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागते, आणि इन्स्क्रिप्टमध्ये टाइप केलेला पासवर्ड पहिल्या लॉगइनच्या वेळी इंग्रजी कीबोर्डवर उमटवता न आल्यामुळे अडकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. लोहित देवनागरी फॉन्ट आणि आयबस या टंकन-व्यवस्थेचे एम१७एन पॅकेज प्रीसीडमधील पॅकेजांच्या ओळीत घातले की पहिल्या लॉगइननंतर मराठी टंकन लगेच जोडून देता येते.